'बॉनी अँड क्लाइड'वरून समीक्षक का भांडले?

१३ ऑगस्ट १९६७ ला 'बॉनी अँड क्लाइड' न्यूयॉर्कमध्ये लागला आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या सर्वांत वजनदार समीक्षकानं त्याची पार सालटी काढली. डिसेंबरात 'टाइम' साप्ताहिकानं हाच सिनेमा मुखपृष्ठावर घेतला आणि अमेरिकी सिनेमात नवं पर्व सुरू झाल्याचं सांगितलं. मधल्या चार महिन्यांत सिनेमातलं एक दृश्यही बदललं नव्हतं.

हा किस्सा नेहमी फार सोपा करून सांगितला जातो. जुन्या पिढीच्या समीक्षकांना सिनेमा कळला नाही, नव्या पिढीला कळला, आणि काळानं नव्यांच्या बाजूनं कौल दिला. मला हे अपुरं वाटतं. त्या भांडणात दोन्ही बाजूंना काहीतरी खरंखुरं दिसलं होतं. ते काय होतं हे नीट पाहिलं, तर समीक्षक सिनेमाबद्दल भांडतात तेव्हा नेमकं कशावरून भांडतात, हेही लक्षात येतं.

आधी गोष्ट, ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी. काळ १९३० च्या दशकातल्या महामंदीचा, जागा टेक्सास. बॉनी पार्कर ही हॉटेलात वेट्रेसचं काम करणारी, आयुष्याला कंटाळलेली तरुणी. एका दुपारी खिडकीतून तिला एक देखणा तरुण आईची गाडी चोरण्याच्या बेतात दिसतो. तो क्लाइड बॅरो, नुकताच तुरुंगातून सुटलेला. काही मिनिटांतच दोघं एक दुकान लुटून पळालेले असतात. पुढे गाड्या दुरुस्त करणारा एक पोरगेला साथीदार त्यांना मिळतो, क्लाइडचा भाऊ आणि भावजय येऊन सामील होतात, बँका लुटल्या जातात, माणसं मारली जातात, आणि शेवटी लुइझियानातल्या एका रस्त्यावर पोलिसांच्या गोळ्यांनी दोघांची चाळण होते. ही माणसं खरी होती. २३ मे १९३४ ला ती अशाच गोळीबारात मेली. आपल्याकडे चोऱ्या करणारं जोडपं सापडलं की बातमीत त्यांना 'बंटी-बबली' म्हणतात. ते आलं २००५ च्या हिंदी सिनेमातून, आणि त्या सिनेमाच्या नावाचा मागोवा घेत गेलं की आपण याच जोडीपाशी पोचतो.

सिनेमाचा निर्माता आणि नायक होता वॉरन बेटी, दिग्दर्शक आर्थर पेन. फे डनवे बॉनी झाली होती. पटकथा लिहिणारे डेव्हिड न्यूमन आणि रॉबर्ट बेंटन हे 'एस्क्वायर' मासिकात काम करणारे दोन तरुण, फ्रेंच नवसिनेमाचे वेडे चाहते. पटकथा त्यांनी आधी त्या नवसिनेमाचा दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो याच्याकडे नेली, मग ती त्याच पठडीतल्या झाँ-ल्यूक गोदारकडेही गेली. दोघांनीही शेवटी हा सिनेमा केला नाही, पण फ्रेंच वारं पटकथेत शिरलेलं होतंच. प्रसंग मध्येच तुटतात, हसवता हसवता एकदम घाबरवतात, पात्रं असं का वागतात याचा खुलासा कुणी करत नाही. डीडी ॲलन हिच्या संकलनातही तोच झटका आहे.

आणि सिनेमा दिसतो फार सुंदर. वेशभूषाकार थिओडोरा व्हॅन रंकलनं डनवेला चढवलेली बेरे टोपी आणि लांब स्कर्ट यांचं वेड पुढे लंडन-पॅरिसच्या दुकानांपर्यंत पोचलं. पाठलागाच्या दृश्यांवर बँजोचं 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' वाजतं. लूटमार करून पळणारी ही मंडळी सहलीला निघाल्यासारखी वाटतात. हा गोडवा चढवताना सिनेमानं बरंच काही झाकलंही. खऱ्या बॉनीचा पाय १९३३ च्या एका अपघातात इतका भाजला होता की त्यानंतर तिला धड चालता येत नव्हतं. डनवेच्या बॉनीला असं काहीच होत नाही.

या नटवेपणावरून वाद पेटला.

बॉस्ली क्राउदर १९४० पासून 'न्यूयॉर्क टाइम्स'चे मुख्य चित्रपट समीक्षक होते. त्या काळी नाटक-सिनेमाच्या बाबतीत या दैनिकाचा शब्द म्हणजे अर्धं भवितव्य; विशेषतः छोट्या आणि परदेशी सिनेमांचं. क्राउदरनी हा सिनेमा आधी माँट्रियलच्या महोत्सवात पाहिला. तिथल्या प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला, आणि ते पाहून क्राउदर अधिकच बिथरले. तिथून त्यांनी नापसंती कळवली, न्यूयॉर्कला सिनेमा लागल्यावर परीक्षण लिहिलं, आणि वाचकांची निषेधाची पत्रं येऊ लागली तेव्हा पुन्हा एकदा लिहिलं. त्यांचं म्हणणं असं: ही एक उथळ धांगडधिंग्याची विनोदिका आहे, दोन गलिच्छ आणि मठ्ठ खुन्यांची भीषण कृत्यं तिनं मौजमजा म्हणून दाखवली आहेत, आणि त्यात मधूनमधून येणारा रक्तपात अर्थहीन व अभिरुचीहीन आहे.

आज हे वाचताना क्राउदर म्हणजे कुणी सोवळे आजोबा असावेत असं वाटतं. तसं मुळीच नव्हतं. इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनीच्या 'द मिरॅकल'वर न्यूयॉर्कमध्ये बंदी आली, तेव्हा ती बंदी चूक आहे असं ठासून सांगणाऱ्यांत क्राउदर पुढे होते. तो खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि सिनेमालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे असा निकाल १९५२ साली लागला. युद्धानंतरचा इटालियन सिनेमा अमेरिकी प्रेक्षकांपर्यंत नेण्यातही त्यांचा मोठा हात होता. म्हणजे 'बॉनी अँड क्लाइड' ज्या मोकळ्या हवेत निघू शकला, ती हवा मोकळी करणाऱ्यांपैकी हे एक गृहस्थ. त्यांचा आक्षेप हिंसा दाखवण्याला नव्हता. हिंसा मजेची वाटावी अशी दाखवायची, याला होता. त्याच उन्हाळ्यात 'द डर्टी डझन' या युद्धपटावरही ते याच कारणानं तुटून पडले होते.

तो उन्हाळाही लक्षात घ्यायला हवा. जुलैमध्ये न्यूअर्क आणि डेट्रॉइटमध्ये वंशभेदातून दंगली उसळल्या होत्या, डेट्रॉइटमध्ये लष्कर उतरवावं लागलं होतं. व्हिएतनाममधलं युद्ध रोज रात्री टीव्हीवर घरात येत होतं. चार वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्ष केनेडींचा भर रस्त्यात खून झाला होता. अशा वेळी रक्तानं माखलेल्या एका सिनेमाला थिएटरात खळाळून हशा मिळतोय, हे पाहून एखादा जबाबदार माणूस हादरला तर त्यात नवल नाही. गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे सिनेमाच्या बाजूनं बोलणारेही हीच परिस्थिती पुढे करत होते: ज्या देशात रोज हे घडतंय, तिथल्या सिनेमात गोळी लागलेला माणूस स्वच्छ शर्टात अलगद कलंडून मरणार असेल, तर ते खोटं नाही का?

हा मुद्दा समजण्यासाठी त्याआधीचं हॉलिवूड कसं चालायचं ते थोडं सांगतो. तिथे 'प्रॉडक्शन कोड' नावाची आचारसंहिता १९३० च्या दशकापासून होती. पडद्यावर काय दाखवावं आणि काय नाही, हे ती ठरवायची. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटू नये, हे तिचं मुख्य कलम. बंदूक झाडणारा आणि गोळी लागणारा एकाच चौकटीत दाखवायचे नाहीत, असाही पायंडा होता. पेन यांनी पुढे मुलाखतींत त्याचा उल्लेख केला आहे. आधी बंदूक दिसायची, मग कट, मग कुणीतरी कोसळायचं. त्या कटमध्ये मारणाऱ्याची कृती आणि मरणाऱ्याचं दुःख यांची ताटातूट व्हायची. १९६७ पर्यंत ही संहिता खिळखिळी झाली होती आणि १९६८ च्या नोव्हेंबरात तिच्या जागी वयोगटानुसार प्रमाणपत्रं आली.

आता सिनेमातला तो प्रसंग, ज्याच्याभोवती हे सगळं भांडण फिरतं. टोळी एक बँक लुटायला जाते. गाडी चालवायला असलेला सी. डब्ल्यू. हा पोरगा बाहेर थांबण्याऐवजी दोन गाड्यांच्या मधल्या फटीत आपली गाडी नीट लावून ठेवतो. क्लाइड आणि बॉनी पैसे घेऊन धावत बाहेर येतात तर गाडी निघतच नाही. पुढे आपट, मागे आपट. थिएटरात हशा. कशीबशी गाडी सुटते, तेवढ्यात बँकेतला एक वयस्क माणूस धावत येऊन गाडीच्या पायरीवर उडी मारतो. क्लाइड घाबरून काचेतून गोळी झाडतो. माणसाचा चेहरा रक्तानं भरतो, आपल्या अगदी समोर, त्याच चौकटीत. ओठांवर अर्धं हसू असताना आपण हे पाहतो. पुढच्या प्रसंगात ही मंडळी एका थिएटरात लपून बसली आहेत. क्लाइड हादरून सी. डब्ल्यू.वर खेकसतोय आणि बॉनी पडद्यावरची नाचगाणी मन लावून बघतेय.

क्राउदरना या प्रसंगात खुनाचा विनोद केलेला दिसला. दुसऱ्या बाजूच्या लोकांना उलट दिसलं: आपण हसत होतो म्हणून ही गोळी आपल्यालाही लागते. दोघांनी पाहिलेलं दृश्य एकच आहे. प्रश्न हा की ते हसू सिनेमानं बेपर्वाईनं काढलं की हिशेब करून. माझ्या मते हिशेब करूनच. त्या खुनानंतर सिनेमातली मौज हळूहळू आटत जाते आणि कुणीच पुन्हा आधीसारखं मोकळं हसत नाही. एका प्रसंगात टोळी एका जोडप्याला गाडीत घेऊन फिरवते, खाणंपिणं, थट्टामस्करी चालते. मग बॉनी त्या माणसाला सहज विचारते, तुम्ही काय करता? तो प्रेतांच्या अंत्यसंस्काराचा धंदा करतो. बॉनीचा चेहरा उतरतो आणि त्या जोडप्याला तिथल्या तिथे उतरवलं जातं. ज्याला हा सिनेमा नुसता धांगडधिंगा वाटतो, त्यानं हा प्रसंग पुन्हा पाहावा.

'न्यूजवीक'चे जो मॉर्गनस्टर्न यांनी नेमकं हेच केलं, म्हणजे सिनेमा पुन्हा पाहिला. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो त्यांच्याबद्दल. त्यांचं पहिलं परीक्षण क्राउदरच्याच वळणाचं होतं. मूर्ख प्रेक्षकांसाठी बनवलेला गोळीबाराचा खेळ, असं त्यांनी लिहिलं होतं. मग ते पत्नीला घेऊन साध्या प्रेक्षकांत बसून पुन्हा सिनेमाला गेले. आजूबाजूला लोक कसे हसतात, कुठे गप्प होतात, कुठे श्वास रोखतात हे त्यांनी पाहिलं. पुढच्याच अंकात त्यांनी लिहिलं की आपलं आधीचं परीक्षण अत्यंत अन्यायकारक आणि चुकीचं होतं. कारणही प्रामाणिकपणे दिलं: रोजच्या आयुष्यातल्या हिंसेनं डोकं इतकं भरून गेलं होतं, की पडद्यावरच्या हिंसेवरची आपली प्रतिक्रिया तिच्याइतकीच अतिरेकी झाली.

साप्ताहिकाच्या समीक्षकानं लाखो वाचकांसमोर असं म्हणायला धाडस लागतं. पण त्यांच्या या माघारीत समीक्षेबद्दलची एक महत्त्वाची गोष्ट दडली आहे. 'बॉनी अँड क्लाइड' हा प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेवर रचलेला सिनेमा आहे. हसणाऱ्या माणसांचा आवाज बंद होतो, तो बंद होणं हाच त्यातला नाट्यमय क्षण असतो. प्रेक्षकांविना, वही-पेन घेऊन तो पाहिला तर त्यातला अर्धा भाग घडतच नाही.

शिकागोत रॉजर ईबर्ट नावाचा २५ वर्षांचा मुलगा 'सन-टाइम्स'मध्ये नुकताच, त्याच वर्षी एप्रिलमध्ये, समीक्षक झाला होता. सप्टेंबरच्या अखेरीस त्यानं बेधडक लिहिलं की हा अमेरिकी सिनेमाच्या इतिहासातला मैलाचा दगड आहे, आणि काही वर्षांनी मागे वळून पाहताना १९६० च्या दशकाचा सिनेमा म्हणून याच्याकडेच बोट दाखवलं जाईल. भाकीत खरं ठरलं. पण सिनेमा असा का आहे, हे सविस्तर सांगण्याचं काम झालं ते पॉलीन केलच्या हातून.

केल तेव्हा ४८ वर्षांची होती. जुनी पिढी विरुद्ध नवी पिढी ही मांडणी इथेच कोलमडते. ती कॅलिफोर्नियातून आलेली, बरीच वर्षं तुटपुंज्या मानधनावर लिहीत असलेली फटकळ बाई. 'बॉनी अँड क्लाइड'वरचा तिचा लेख 'द न्यू रिपब्लिक'नं नाकारला. मग तो 'द न्यू यॉर्कर'नं २१ ऑक्टोबर १९६७ च्या अंकात छापला. कित्येक हजार शब्दांचा तो निबंध. पुढच्या वर्षी तिला तिथेच समीक्षक म्हणून घेतलं, आणि १९९१ पर्यंत मधला थोडा काळ वगळता ती तिथेच लिहीत राहिली.

तिच्या लेखाचा पहिलाच सवाल असा आहे की या देशात चांगला सिनेमा केला की त्याच्यावर लोक तुटून का पडतात? मग ती जुन्या सिनेमांकडे जाते. पळून जाणाऱ्या गुन्हेगार प्रेमिकांवर याआधीही हॉलिवूडनं सिनेमे केले होते. फ्रित्झ लांगचा १९३७ चा, निकोलस रेचा १९४९ चा. पण त्यांतली जोडपी मुळात निष्पाप. समाजानं त्यांना गुन्ह्याकडे ढकललेलं, त्यामुळे त्यांची कीव करायला प्रेक्षक मोकळा. बॉनी आणि क्लाइडला सिनेमा अशी सबब देत नाही. गरिबी आहे, बँकेनं घरं बळकावलेले शेतकरी आहेत, पण ही दोघं गुन्हा करतात ते बरंचसं कंटाळ्यातून आणि मिरवण्याच्या हौसेतून. तरीही ती आपल्याला आवडतात. आवडतात म्हणून त्यांनी केलेले खून आपल्याला बोचतात, आणि त्यांचं मरण अंगावर येतं. केलच्या मते मरणाचा दंश या सिनेमानं परत आणला, आणि त्यासाठी रक्त दाखवणं गरजेचंच होतं.

हे तिचं मुख्य म्हणणं. मात्र त्या लेखाची आठवण काढताना लोक एक गोष्ट विसरतात: तो लेख म्हणजे निव्वळ स्तुती नाही. पेन यांचं दिग्दर्शन तिला जागोजागी कच्चं वाटलं. डनवेचा मेकअप आणि केस १९३० चे न वाटता सरळसरळ साठच्या दशकातले वाटतात, असंही तिनं लिहिलं. सिनेमाच्या कल्पकतेचं श्रेय तिनं दिग्दर्शकापेक्षा दोन पटकथालेखकांना अधिक दिलं. आवडलेल्या सिनेमातल्या उणिवा मोजून दाखवायच्या आणि तरीही तो का महत्त्वाचा हे सांगायचं, हे फार थोड्यांना जमतं. पसंत-नापसंतीच्या पलीकडे जाणारी समीक्षा मला तिथे दिसते.

नटवेपणाच्या आक्षेपावर मात्र माझं स्वतःचं एक म्हणणं आहे. बॉनी-क्लाइडना दिमाखदार सिनेमानं केलं, हे अर्धंच खरं. १९३३ च्या एप्रिलमध्ये मिसूरीतल्या जॉप्लिन गावातल्या त्यांच्या घरावर पोलिसांनी छापा घातला तेव्हा टोळी पळाली, पण मागे न धुतलेले फोटोंचे रोल राहिले. त्यात बॉनी तोंडात सिगार धरून, हातात पिस्तूल घेऊन, गाडीच्या बंपरवर पाय ठेवून ऐटीत उभी आहे. ते फोटो वर्तमानपत्रांनी देशभर छापले. ती कविता करायची, त्याही छापून आल्या. त्यांच्या अंत्ययात्रांना हजारोंची गर्दी लोटली. म्हणजे ही जोडी जिवंत असतानाच स्वतःला नटून-थटून पाहत होती, आणि वर्तमानपत्रं त्यांना साथ देत होती. सिनेमाचा विषय हाच आहे. सुरुवातीची श्रेयनामावली जुन्या फोटोंवर, कॅमेऱ्याच्या खटक्यांवर चालते आणि नावांची पांढरी अक्षरं लाल होत जातात. क्लाइड शरीरसुखाला असमर्थ आहे, आणि ती अडचण सुटते ती बॉनीची त्यांच्यावरची कविता पेपरात छापून आल्यावर. तू मला कुणीतरी केलंस, या आनंदात. प्रसिद्धीची भूक इतक्या नेमकेपणानं दाखवणारा प्रेमप्रसंग मी दुसरा पाहिलेला नाही. या सिनेमातून दिमाख काढून टाकला तर त्याला सांगायला काहीच उरणार नाही.

शेवटचा गोळीबार चार कॅमेऱ्यांनी वेगवेगळ्या गतीनं टिपला होता. नटांच्या अंगावर लावलेले छोटे स्फोटक फुगे फुटत जातात, शरीरं काही क्षण संथ, काही क्षण झटक्यात हलतात. क्लाइडच्या डोक्याचा एक तुकडा उडतो. तो तपशील पेन यांनी केनेडींच्या खुनाची आठवण व्हावी म्हणून मुद्दाम ठेवला होता. सगळं मिळून मिनिटभराचंही नाही. इथेही समीक्षकांची दोन मतं होती आणि आजही आहेत: मरण इतकं लयबद्ध दाखवणं हा त्याचा सन्मान की त्याची सजावट? पुढच्या दशकांत या दृश्याची नक्कल करणारे शेकडो सिनेमे आले, आणि त्यातल्या बहुतेकांत ती सजावटच होती. क्राउदरची भीती भविष्याबद्दल असती तर ती खरी ठरली असं म्हणावं लागेल.

आता धंद्याची बाजू, थोडक्यात, कारण तिच्याशिवाय हा किस्सा खोटा होतो. केलच्या लेखानं सिनेमा वाचवला असं सर्रास सांगतात. पण घडलं ते इतकं सरळ नव्हतं. सिनेमा ज्यांचा होता त्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओला त्यात रस नव्हता. सुमारे २५ लाख डॉलरचा हा सिनेमा त्यांनी फुटकळ गुन्हेपट म्हणून मोजक्या ठिकाणी लावला आणि शरद ऋतू संपेपर्यंत बहुतेक ठिकाणांहून उतरवलाही. पण लंडनमध्ये तो सप्टेंबरात लागला आणि तुफान चालला. बेटी स्टुडिओच्या मागे हात धुऊन लागला. नफ्यात त्याचा मोठा वाटा होता, तेव्हा त्याला कळकळ असणारच. ८ डिसेंबरला चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गनं केलेलं चित्र घेऊन 'टाइम'चा तो अंक आला. ज्या 'टाइम'नं ऑगस्टमध्ये याच सिनेमाला खऱ्याखोट्याची हेतुशून्य सरमिसळ म्हटलं होतं. १९६८ च्या सुरुवातीला ऑस्करची १० नामांकनं मिळाली, त्यात पाचही प्रमुख नट-नट्या होत्या. सिनेमा नव्यानं, भरपूर थिएटरांत लावला गेला आणि अमेरिकेतून स्टुडिओच्या वाट्याला दोन कोटी डॉलरहून अधिक आले. ऑस्कर दोनच मिळाले: एस्टेल पार्सन्सला सहायक अभिनेत्रीचं आणि बर्नेट गफीला छायाचित्रणाचं. समीक्षकांनी सिनेमाभोवती चर्चा तापती ठेवली हे खरं. थिएटरं भरली ती तरुण प्रेक्षकांनी आणि दुसऱ्या खेपेच्या वितरणानं.

क्राउदर १९६७ च्या अखेरीस पायउतार झाले आणि त्यांच्या जागी तिशीच्या आसपासची रेनाटा ॲडलर आली. या सिनेमानं त्यांची खुर्ची घालवली असं म्हणतात. ते ६२ वर्षांचे होते आणि २७ वर्षं त्या जागेवर होते, हेही त्यासोबत सांगायला हवं.

त्यांचा एक आक्षेप मात्र अजून उभा आहे. सिनेमा खऱ्या माणसांची नावं वापरतो. टोळीच्या नावावर डझनभर खून होते, बरेचसे पोलिसांचे. १ एप्रिल १९३४ ला, ईस्टरच्या रविवारी, टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइनजवळ दोन तरुण पोलीस मारले गेले. त्यातल्या एकाचं लग्न काही दिवसांवर आलं होतं. लोकांची सहानुभूती खऱ्या अर्थानं आटली ती तेव्हा. सिनेमात हा प्रसंगच नाही. ज्यानं टोळीचा माग काढून तिला संपवलं तो पोलीस अधिकारी फ्रँक हॅमर सिनेमात टोळीच्या तावडीत सापडतो, त्यांच्यासोबत त्याचा फोटो काढला जातो, बॉनी त्याची विटंबना करते, आणि पुढची त्याची सगळी कामगिरी सुडाची वाटू लागते. प्रत्यक्षात त्या शेवटच्या सकाळपर्यंत हॅमरनं या दोघांना समोरासमोर पाहिलंच नव्हतं. हॅमरच्या पत्नीनं आणि मुलानं बदनामीचा दावा लावला आणि १९७१ साली वॉर्नरला तडजोड करावी लागली. क्लाइडची भावजय ब्लँच तेव्हा हयात होती. पडद्यावर आपण सतत किंचाळणारी बाई म्हणून दाखवलो गेलो, याचा तिला संताप होता. त्याच भूमिकेला ऑस्कर मिळालं होतं.

केलनं या आक्षेपाला उत्तर देताना म्हटलं होतं की इतर ऐतिहासिक सिनेमे इतिहासाशी अशीच मोकळीक घेतात तेव्हा कुणी बोलत नाही. हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. राजेरजवाड्यांना मरून शतकं लोटलेली असतात. हॅमरची बायको थिएटरात जाऊन हा सिनेमा पाहू शकत होती.

हॅमरच्या बाजूनं सांगितलेला मोठा सिनेमा २०१९ मध्ये आला, नेटफ्लिक्सवर, 'द हायवेमेन'. केव्हिन कॉस्टनर त्यात हॅमर झाला आहे. टोळीनं मारलेल्या पोलिसांची त्यात दखल आहे, गर्दीच्या खुळ्या वेडाची आहे, आणि बॉनी-क्लाइडचे चेहरे मुद्दामच जवळजवळ शेवटपर्यंत नीट दाखवलेले नाहीत. क्राउदरनी मागितलं होतं ते बहुतेक सगळं त्यात सापडतं. मी तो आदरानं पाहिला. पण शेवटी त्याच रस्त्यावर तोच गोळीबार सुरू होतो, तेव्हा गाडीतल्या दोघांबद्दल मनात जवळपास काहीच हलत नाही, कारण त्यांना आपण दोन तासांत एकदाही भेटलेलो नसतो.